न घडलेली तिसरी फेरी

मी जिंकलो. तिसऱ्या फेरीत रोके बाकाची मान माझ्या डाव्या काखेत होती, त्यानं माझ्या बरगडीवर तीन थापा मारल्या, म्हणजे हार मानली, आणि पंचानं मला ओढून बाजूला केलं.

आता हे विसरा. खरंच विसरा, कारण मी एका चौसष्ट पानी करारावर सही केलेली आहे आणि त्यानुसार वरचा परिच्छेद मला लिहिता येत नाही, तुम्हाला वाचता येत नाही आणि रोकेला थापा मारता येत नाहीत. तेव्हा आपण असं धरून चालू की काही झालं नाही. मी एमेट सोर्ली, वय चोवीस, खिडक्या बसवतो आणि गेल्या उन्हाळ्यातले बेचाळीस दिवस लास व्हेगसमधल्या एका घरात बसून होतो. एवढं सांगायला परवानगी आहे. पान नऊ.

खिडक्यांशिवाय मी पिंजऱ्यात लढतोही. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं एकाच तिकिटात. त्या घरातून बोलावणं आलं तेव्हा माझ्या नावावर सहा अधिकृत लढती होत्या. पहिली जिंकलेली, पुढच्या पाच हरलेल्या. आमच्या राज्यात (नाव सांगत नाही, थंडी असते) असा नियम आहे की सलग पाच हरलात की तुमचा परवाना थांबतो. तो परत मिळवायला नोंदवहीत एक विजय दाखवावा लागतो. विजयासाठी लढावं लागतं आणि लढायला परवाना लागतो. आयोगाच्या कचेरीत काचेपलीकडे बसलेल्या बाईंना मी विचारलं, "मॅडम, मग मी नेमकं करायचं काय?"

त्यांनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं, "जिंकून या."

म्हणून मी टीव्हीवाल्यांना अर्ज केला. 'दोन कोच, एक पिंजरा' हा कार्यक्रम दुसऱ्या राज्यात होतो, परवाना ते लोक काढून देतात, सोळा पोरांना दोन कोचमध्ये वाटतात आणि एकमेकांशी लढवतात. तिथं एक लढत जिंकायची, विजय घेऊन घरी यायचं, बाईंच्या काचेवर टेकवायचा. अर्जासोबत स्वतःचं चित्रीकरण पाठवायचं होतं. माझ्या बहिणीनं, ब्रिटानं, मी काम करत असताना ते केलं. त्यात सव्वादोन मिनिटं मी माझ्या लढाऊ वृत्तीबद्दल बोलतो आणि मग माझ्यावर खिडकी पडते. तिसऱ्या दिवशी निवड झाल्याचा निरोप आला.

घर मोठं होतं. पोहण्याचा तलाव होता, बिलियर्डचं टेबल होतं, फ्रिजमध्ये सोळा जणांना पुरतील एवढी कोंबडीची छाती आणि अंडी होती. फोन, टीव्ही, पुस्तकं, गाणी आणि घड्याळं मात्र नव्हती. मोकळा बसलेला माणूस भांडतो आणि भांडण बघायला लोक थांबतात, एवढं साधं गणित. चौथ्या दिवसापर्यंत आम्हा सगळ्यांना टूथपेस्टच्या नळीवरचा मजकूर पाठ झाला. सहाव्या दिवशी मी तलावाभोवतीच्या फरश्या मोजल्या. अकराशे बारा. सातव्या दिवशी पुन्हा मोजल्या. अकराशे अकरा. त्या एका फरशीनं माझी झोप उडवली. बसलो की गुडघा हलायचा, उभा राहिलो की बसावंसं वाटायचं. दुपारच्या उन्हात बाहेर पाय ठेवला तर चटका बसायचा, तरी मी तलावाला फेऱ्या मारायचो. माझ्यामागे कॅमेरा घेऊन टोपीवाला फिरायचा.

टोपीवाल्याचं नाव मला आजही माहीत नाही. कॅमेरावाल्यांनी आमच्याशी बोलायचं नाही असा तिथं कडक दंडक. आम्हीही त्यांच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यात बघायचं नाही. हा गृहस्थ मासे धरायला जातात तसली टोपी घालून रोज माझ्यापासून हातभर अंतरावर उभा असायचा. मी दात घासताना असायचा, मी फरश्या मोजताना असायचा. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं, पण तबकडी आतल्या बाजूला वळवलेली.

"किती वाजले हो?" मी पहिल्या दिवशी भिंतीकडे बघत विचारलं.

उत्तर नाही.

मग मी रोज विचारायला लागलो. सकाळी, जेवताना, वजन करताना. दुसरं काही कामच नव्हतं. एकदा तर मी त्याला चुकीची वेळ सांगून बघितली, की माणूस निदान दुरुस्ती तरी करेल. त्याच्या मिशीचं एक टोक हललं. त्या दिवशी मी फार खूश होतो.

आता कोच. निळ्या संघाचा गस टिलरी, ओक्लाहोमाचा जुना पहिलवान, ज्याचं डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. लाल संघाचा डारियो फॉन्टेस, ब्राझीलचा, गळा आवळण्यातला उस्ताद, केस मागे बांधलेले. शेवटी या दोघांचीही आपसात लढत व्हायची होती, त्यामुळे त्यांचं पटत नव्हतं हे ठीकच. पण का पटत नव्हतं हे कोणालाच माहीत नव्हतं. टिलरीला विचारलं तर तो म्हणायचा, "त्यालाच विचार." फॉन्टेसला विचारलं तर तोही तेच.

संघ पाडायच्या दिवशी दोघं आळीपाळीनं एकेकाला उचलत गेले. सुरुवात फॉन्टेसनं केली. टिलरीनं आपल्या पहिल्या पाळीला रोके बाकाला घेतलं. अल्बुकर्कीचा पोरगा, नऊ लढती, नऊ विजय, मान बैलासारखी, स्वभाव शेजारच्या काकूसारखा. पंधरा जण संपले. मी एकटा उभा. पाळी टिलरीची.

"कोण उरलंय?" त्यानं विचारलं.

"मी, कोच."

तो हातातली यादी मिनिटभर वरखाली बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. हा खिडकीवाला."

म्हणून माझं नाव खिडकी पडलं.

बाराव्या दिवशी मला विकलं. सरावाची जागा एकच होती. सकाळी दहाची वेळ फॉन्टेसकडे आणि दुपारी दोनची आमच्याकडे. टिलरीला दहाची हवी होती. आठ दिवस दोघं पाण्याच्या बाटलीवरूनही भांडत होते, पण हा सौदा माझ्यासमोर दोन मिनिटांत झाला.

"दहाची वेळ दे, एक पोरगा घे," टिलरी म्हणाला.

"कुठला?"

"कुठलाही."

"कुठलाही कशाला? खिडकीवाला दे."

मला भरून आलं. कोणीतरी मला नावानं मागितलं होतं. माझ्या मापाचा लाल सदरा नव्हता म्हणून मला एका लहान पोराचा दिला, ज्यात श्वास घेतला की बेंबी दिसायची. संध्याकाळी मी फॉन्टेसला गाठलं. "कोच, मलाच का मागितलंत?"

"मला सकाळी उठवत नाही रे बाबा," तो म्हणाला. "दहाची वेळ कधी एकदा जाते असं झालं होतं. तू वरून मिळालास."

संघ बदलला तरी खोली तीच राहिली. वरच्या पलंगावर मी, खालच्यावर रोके. तो दर आठवड्याला सामानाच्या यादीत "हिरवी मिरची, आमच्याकडची, तिखट" असं लिहायचा आणि दर आठवड्याला त्याच्यासाठी ढोबळी मिरची यायची. तो ती हातात धरून तिच्याकडे बघत बसायचा.

सतराव्या दिवशी मी बॅगेतून चपला काढल्या. त्या मी घरून कागदात गुंडाळून आणल्या होत्या. कागदाकडे बघितलं तर तो करार. सगळ्यांना एकेक प्रत मिळाली होती, बाकीच्यांची फोनबरोबर कपाटात बंद झाली होती, माझी चपलांबरोबर आत आली. चौसष्ट पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली. मी पलंगावर चढलो आणि वाचायला लागलो. अर्ध्या तासानं खालून रोकेचं डोकं वर आलं.

"काय वाचतोयस?"

"करार."

"गोष्ट आहे?"

"तशीच म्हण. 'पहिला पक्ष' आणि 'दुसरा पक्ष' असे दोघं आहेत."

"आपण कोण?"

"दुसरा पक्ष."

"मग काय होतं त्याचं?"

"तेविसाव्या पानावर आहे अजून. पण लक्षणं बरी नाहीत."

दोन दिवसांत घरात दुसरा विषय उरला नाही. पोरं नंबर लावायला लागली. मी पान पान सुटं करून दिलं, तर पान सोळा हरवलं आणि त्यावरून खरीखुरी मारामारी झाली. जेवणानंतर कोणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे. "पुढचं सांगू नका रे, मी अजून नुकसानभरपाईवर आहे," असं कोणीतरी ओरडायचं. निर्माती मार्नी, जिच्या कानात सतत यंत्र असायचं, ती धावत आली.

"घरात पुस्तकं चालत नाहीत. द्या इकडे."

"पुस्तक नाही, तुमचाच करार आहे," मी म्हटलं.

ती कानातल्या यंत्राशी बराच वेळ बोलली. पलीकडे वकील असावा. शेवटी तिनं पानं परत दिली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्या पक्षाला वाचायची मुभा आहे." घरभर टाळ्या. सगळ्या मोसमातला तो आमचा एकमेव सामुदायिक विजय.

पान एकेचाळीस वाचायची पाळी माझ्यावर आली. मी उभा राहून वाचलं: "सदर लढती प्रदर्शनीय स्वरूपाच्या असून त्यांचे निकाल कोणत्याही अधिकृत नोंदीत धरले जाणार नाहीत." त्याखाली लगेच: "एखादी घटना घडली अथवा नाही हे ठरवण्याचा अधिकार पहिल्या पक्षाकडे राहील."

कोपऱ्यातून आवाज आला, "म्हणजे हरलो तरी लागत नाही? भारीच की!" आणि सगळे खूश झाले. मी मात्र ते पान पुन्हा एकदा वाचलं. मी ते टेबलावर ठेवलं, बाहेर गेलो आणि फेऱ्या मारायला लागलो. मागे टोपीवाला, त्याच्यामागे रोके.

"काय झालं रे खिडकी?"

मी त्याला काचेपलीकडच्या बाईंबद्दल सांगितलं. पाच हारी, एक विजय, परवाना, सगळं. इथं जिंकलो तरी बाईंच्या वहीत एक अक्षर वाढणार नव्हतं.

"मग घरी जा ना."

"पान अठ्ठावन्न. मधूनच गेलो तर दोन वर्षं कुठंही लढता येत नाही."

"तुला तसंही कुठं लढता येतंय?"

यावर आम्ही दोघंही थोडं हसलो. मी अजून एक फेरी मारली. मग तो म्हणाला, "हे बघ. वहीत नसेल, पण टीव्हीवर असेल ना? सगळा देश बघणार. ती बाई बघणार. डोळ्यांनी बघितलेलं नाही कसं म्हणेल ती?"

मला हे इतकं पटलं की मी धावायलाच लागलो. टोपीवाल्यालाही कॅमेरा खांद्यावर घेऊन धावावं लागलं. "किती वाजले?" मी धावता धावता विचारलं. काही नाही. पण आता मला ठाऊक होतं की मला एक विजय पाहिजे आणि तो दिसला पाहिजे.

चौतिसाव्या दिवशी टिलरीनं पुढची जोडी जाहीर केली. "रोके बाका विरुद्ध खिडकीवाला." त्यानं मला बारा दिवस शिकवलं होतं, त्यामुळे मी सोपा आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? रोके माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मार्नी मागून कुजबुजली, "छान, छान, असंच."

लढतीच्या आदल्या दुपारी वजन उतरवायचं असतं. कडक पाण्यात मीठ टाकून टबात बसायचं आणि घाम काढायचा. घरात टब एकच. म्हणजे उद्या ज्याचं नाक फोडायचं, त्याच्या टबात मी आज बादलीनं गरम पाणी ओतत होतो.

"अजून ओत," रोके म्हणाला. त्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता.

"मरशील."

"मेलो तर तू जिंकलास."

"नोंद होणार नाही," मी म्हटलं आणि अजून एक बादली ओतली.

मग तो बाहेर आला, मी आत उतरलो आणि त्यानं ओतायला सुरुवात केली. दोन बादल्या झाल्या. तो म्हणाला, "मी मुद्दाम हरणार नाही हं, एमेट."

घरात पहिल्यांदा कोणीतरी मला माझ्या नावानं हाक मारली होती.

"हरू नकोसच. मुद्दाम हरलेलं टीव्हीवर कळतं."

"उकळतंय का?"

"हो."

"बरं."

लढतीचा नियम असा: दोन फेऱ्या, पाच-पाच मिनिटांच्या, आणि बरोबरी झाली तर तिसरी. पहिल्या फेरीत रोकेनं माझं नाक मोडलं. मी ते बघितलं, कारण ते मला उजव्या डोळ्यानं दिसायला लागलं होतं. दुसऱ्या फेरीत तो दमला आणि मी दमलो नव्हतो. सदतीस दिवस तलावाभोवती फिरल्याचा एवढाच उपयोग झाला. तीन पंचांनी आपापसात मान हलवली. बरोबरी. तिसरी फेरी.

फेरी सुरू व्हायच्या आधी आमच्या कोपऱ्यातलं स्टूल टिलरीच्या माणसानं उचललं.

"माझं स्टूल ठेव," फॉन्टेस म्हणाला.

"तुझं कशावरून?" टिलरी पिंजऱ्याच्या पलीकडून ओरडला.

"मी त्यावर बसलो होतो."

"तू माझ्या गाडीच्या बॉनेटवरही बसला होतास!"

अशा रीतीनं त्यांच्या वैराचं कारण कळलं, पण मला ऐकायला वेळ नव्हता. घंटा झाली होती. रोकेनं मला उचलून आपटलं. बाहेर टिलरीनं फॉन्टेसच्या केसांना हात घातला. दोन्ही संघ पिंजरा सोडून तिकडे धावले. सगळे कॅमेरे तिकडे वळले. मी पाठीवर पडल्या पडल्या बघितलं तर आमच्याकडे तोंड करून एकच कॅमेरा उरला होता. जाळीला चिकटून टोपीवाला उभा होता.

रोके वर होता, तो पुढं झुकला आणि त्याची मान माझ्या काखेत आली. मी ती धरली. डावा हात गळ्याखालून घातला, उजव्यानं डावं मनगट पकडलं आणि दाबलं. माझ्या अंगात तेवढीच एक गोष्ट शिल्लक होती. रोके दाबला गेला पण थाप मारेना. माझे हात बधिर व्हायला लागले. अजून तीन मिनिटं आहेत की तीस सेकंद, काही कळत नव्हतं. सांगायला कोपऱ्यात कोणी नव्हतं. माझा कोच स्टुलाचा एक पाय धरून होता. तीन मिनिटं असतील तर मला हात सोडून जरा विसावायला हवं होतं. बोटं सुटायलाही लागली.

"चाळीस सेकंद," कोणीतरी हळूच म्हणालं.

मी मान वळवली. टोपीवाल्यानं मनगट उलटं करून घड्याळ बघितलं होतं.

चाळीस सेकंद म्हणजे दोन स्क्रू. मोठी काच चौकटीत धरून ठेवायची असते तेव्हा माझा जोडीदार जॅरेड शिडीवरून म्हणतो, "धर, अजून दोन स्क्रू." हात कितीही गेले तरी दोन स्क्रू माणूस धरतो, कारण सोडलं तर काच पायावर पडते. पहिला स्क्रू गेला. दुसरा अर्धा गेला. रोकेनं बरगडीवर तीन थापा मारल्या.

आणि मधे, पहिल्या स्क्रूच्या वेळी, मी टोपीवाल्याच्या कॅमेऱ्यात बघून "थँक यू" म्हणालो होतो. आमच्याकडे कोणी वेळ सांगितली की म्हणतात.

पंचानं माझा हात वर केला. रोकेनं मला मिठी मारली आणि माझ्या मोडक्या नाकाकडे बघून विचारलं, "हे मी केलं?" बाहेर अजून स्टूल चाललं होतं. डॉक्टरनं माझ्या डोळ्याखालचं हाड दाबलं, मी ओरडलो, आणि तो म्हणाला की हाडही गेलंय, स्पर्धेतली पुढची लढत लढता येणार नाही. अशा वेळी हरलेल्याला परत घेतात. म्हणून माझ्या जागी रोके पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी मार्नी माझ्या पलंगाशी येऊन बसली. टोपीवाला दिसत नव्हता. दुसराच एक जण माझ्यासमोर कॅमेरा धरून होता, बिनटोपीचा.

"ती फेरी वापरता येणार नाही," ती म्हणाली. "शेवटचं एकाच कॅमेऱ्यात आहे आणि त्यात आमचा माणूस बोललाय."

"त्याचा आवाज पुसा ना."

"आवाज पुसू. तू कॅमेऱ्यात बघून त्याला थँक यू म्हणालास, ते कसं पुसू?"

"मग बाकीचं दाखवा. पहिल्या दोन फेऱ्या."

"आणि शेवट? तसाही तू पुढं जात नाहीयेस. बाका जातोय. लढत झाली म्हटलं तर लोक विचारणार, हरलेला पुढं कसा? नाही झाली म्हटलं की सगळं सरळ बसतं."

"पण झाली."

तिनं माझ्या उशीखालून पान एकेचाळीस काढलं आणि माझ्या छातीवर ठेवलं. तिला ते शोधायचीही गरज पडली नाही.

"टोपीवाला कुठंय?" मी विचारलं.

"कोण टोपीवाला?" मार्नी म्हणाली.

कार्यक्रम शरद ऋतूत लागला. आमच्या गावातल्या बारमध्ये ब्रिटानं सगळ्यांना गोळा केलं होतं. माझा भाग आला. एकोणीस मिनिटं स्टूल. फॉन्टेसचे केस, टिलरीची मान, बॉनेटचा इतिहास. एका ठिकाणी मागच्या बाजूला, जाळीतून, एक कोपर दिसलं. माझं होतं. मी उभा राहिलो आणि बोट दाखवलं, तेवढ्यात ते गेलं. मग पडद्यावर अक्षरं आली: "एमेट सोर्ली सरावादरम्यान जखमी झाल्याने स्पर्धेबाहेर."

"सरावात?" जॅरेडनं विचारलं. सगळा बार माझ्याकडे बघत होता.

पान चौतीस गुप्ततेबद्दल आहे. "हो," मी म्हटलं. "सरावात."

"काय पडलं अंगावर? खिडकी?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. ब्रिटा म्हणते, दुकानात मी खिडक्या बसवतो कमी आणि त्यांच्याभोवती फिरतो जास्त.

मी आयोगाला पत्र लिहिलं. उत्तर आलं: "आपण उल्लेखिलेली लढत आमच्या नोंदीत नाही." मी लिहिलं, म्हणूनच तर पत्र लिहितोय. उत्तर आलं: "आपण उल्लेखिलेले पत्र आमच्या नोंदीत नाही." मग मी कचेरीत गेलो. काचेपलीकडे त्याच बाई.

"जिंकून आलात?" त्यांनी विचारलं. त्यांना मी लक्षात होतो!

"हो," मी म्हटलं. करार तोंडानं मोडला तो त्या क्षणी. हे सगळं लिहिणं त्यानंतरचं.

"कुठं लिहिलंय?"

मी नाक दाखवलं. त्यांनी ते नीट बघितलं, अगदी चष्मा चढवून. मग म्हणाल्या, "हे कोणीही करू शकतं." तेही खरंच आहे.

रोके तो मोसम जिंकला. शेवटची लढत अधिकृत होती, त्यामुळे आता त्याच्या नावावर दहा विजय आहेत आणि हार एकही नाही. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"मी सांगू का रे त्यांना? की तू मला हरवलंस?"

"पान चौतीस. तुझंही आहे ते."

"मला ठाऊक आहे. मीच तर मोठ्यानं वाचलं होतं. लोक मला अजिंक्य म्हणतात, एमेट. ऐकलं की मला तुझी काख आठवते."

चार दिवसांनी त्याच्याकडून खोकं आलं. हिरवी मिरची, त्यांच्याकडची, तिखट. सोबत चिठ्ठी नव्हती. मी एक मिरची तशीच खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं आणि मी टेबलाशी बसून खालील अर्ज लिहिला. लिहीपर्यंत तीनदा उठलो.

*प्रति, माननीय अध्यक्ष, राज्य लढत आयोग. विषय: न घडलेल्या लढतीबाबत. महोदय, सदर लढत घडली नाही, याबाबत आयोग व निर्माते यांचे एकमत असल्याचे मला मान्य आहे. तरी अर्जदाराचा थांबवलेला परवाना विशेष बाब म्हणून एका दिवसापुरता चालू करून, ती न घडलेली लढत अधिकृतरीत्या एकदा घडवून आणावी, प्रतिस्पर्धी श्री. रोके बाका हेच असावेत, आदल्या दुपारी दोघांत मिळून एकच टब असावा, तिसऱ्या फेरीत दोन्ही प्रशिक्षकांना एक स्टूल देऊन बाहेर पाठवावे, आणि मासेमारीची टोपी घालणारे, नाव माहीत नसलेले एक गृहस्थ आयोगाने शोधून काढून, त्यांना जाळीपाशी उभे करून, अर्जदाराने विचारल्यास किती वाजले हे सांगण्याची लेखी मुभा द्यावी, ही नम्र विनंती.*